पन्हाळीखालची झाडे

तुळस चुन्याने मरते, ही गोष्ट मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळली. तोपर्यंत चुना आणि तुळस ह्या दोन्ही गोष्टी माझ्या लेखी पवित्रच होत्या. औसा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी दिवाळीच्या आधी आठ दिवस कळीचा चुना भिजत घालीत. पिंपात तो रटरटा उकळू लागला की लहान मुलांना लांब उभे करीत. मग त्यात नीळ आणि डिंक पडे, आणि घरातले जे कोणी हातापायांनी रिकामे असेल त्याच्या हाती कुंचला येई. त्या वर्षी रिकामा मी होतो. भिंती झाल्या, ओटा झाला, आणि शेवटी उरलेला सगळा चुना मी अंगणातल्या वृंदावनाला दिला. दोन हात दिले, तीन दिले. वृंदावन असे शुभ्र झाले की संध्याकाळच्या उजेडात ते स्वतःच दिव्यासारखे दिसू लागले. कुंचल्यातून निथळलेले पाणी कोठे जाते आहे इकडे माझे लक्ष नव्हते. ते आत, मातीत जात होते.

लक्ष्मीपूजनापर्यंत तुळशीची पाने काळवंडली. पाडव्याला ती गळली. द्वादशीला तिचे लग्न होते. शेजारच्या घरातून एक रोप मागून आणून आम्ही ते लग्न लावले, बाळकृष्णाने काही तक्रार केली नाही. आईही मला रागावली नाही. तिने एवढेच विचारले, “रंग कुणासाठी देत होतास रे?”

ह्या प्रश्नाचे उत्तर मी अद्याप शोधतो आहे. उत्तर सोपे वाटते. रंग तुळशीसाठी होता. निदान वृंदावन तरी तुळशीसाठीच असते. पण मी रंग देताना तुळस माझ्या डोळ्यांपुढे नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे येणारे-जाणारे होते, दिवाळीला येणारी बहीण होती, आणि “वा, काय लख्ख केलंय!” हे शब्द होते. जिच्यासाठी म्हणून आपण स्वच्छता करतो, ती वस्तू स्वच्छता करण्याच्या भरात आपल्याला दिसेनाशी होते. हे तुळशीपुरतेच घडते असे मला वाटत नाही.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मी लातूरला आलो, घर बांधले, सिमेंटची गच्ची आली. गच्चीबरोबर शेवाळ आले आणि शेवाळाबरोबर ते धुऊन काढण्याचा वार्षिक सोहळा आला. त्यानंतर मला स्वच्छतेविषयीचे एक साधे सत्य उमगले. घाण नाहीशी होत नाही. तिची फक्त जागा बदलते. गच्चीवरचे शेवाळ, कबुतरांची विष्ठा, भिंतीवरचा जुना चुना, त्यावर टाकलेली ब्लीचिंग पावडर, हे सगळे पन्हाळीतून खाली येते. आणि पन्हाळीखाली काय असते? आमच्याकडच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराभोवती एक फेरी मारावी. भिंत आणि कुंपण ह्यांच्यामध्ये जी दोन-तीन हातांची पट्टी सुटलेली असते, तीच घरातल्या बाईची बाग. तिथे पारिजातक असतो, जास्वंद असते, कढीपत्ता असतो. गवती चहा, अडुळसा, कोरफड असते. घरातले औषध, घरातली फोडणी आणि घरातली पूजा ह्या तिन्ही गोष्टी त्या पट्टीत उगवतात. घराची सगळी घाणही त्याच पट्टीत उतरते.

आमची जमीन काळी. तिच्या पोटात आधीच चुनखडी असते. अशा जमिनीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लातूर-नांदेडकडच्या पुष्कळ जास्वंदी अशा पंडुरोगी दिसतात. त्यांच्या मुळाशी आणखी चुना उतरला तर काय होणार हे सांगायला वनस्पतिशास्त्रज्ञ लागत नाही. ब्लीचिंग पावडरचे पाणी पानावर पडले तर पानाची कड आधी पांढुरकी आणि मग तपकिरी होते. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला जे अ‍ॅसिड वापरतात त्याची गोष्टच वेगळी. ते मुळाशी गेले तर रोपाला वाचवायला फारसा वेळ मिळत नाही.

ह्यावरचे उपाय मी हळूहळू शिकलो, आणि ते शहाण्या माणसाला लाज वाटावी इतके साधे आहेत. गच्ची धुण्याच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी पहाटे झाडांना पोटभर पाणी पाजावे. तहानलेली माती जे मिळेल ते पिते. तृप्त माती पीत नाही, आणि जे थोडे आत शिरते तेही पाण्यात विरून जाते. झाडांवर ओली पोती किंवा जुनी लुगडी टाकावीत. प्लॅस्टिकचा कागद टाकू नये, कारण आश्विनातल्या उन्हात त्याखाली पाने शिजतात. काम संपताच पोती काढावीत आणि पाने वरून-खालून स्वच्छ पाण्याने धुवावीत. पन्हाळीला नळीचा तुकडा जोडून ते पाणी झाडांपासून दूर न्यावे. मात्र पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडण्याची सोय केली असेल तर ती वाट त्या दिवशी आठवणीने बंद करावी, नाही तर बागेला चुकविलेले विष आपण स्वतःच पिणार. आणि सगळ्यांत उत्तम उपाय म्हणजे थोडा धीर धरणे. पाऊस संपला की पंधरा दिवसांच्या उन्हात शेवाळ आपोआप वाळते, त्याच्या काळ्या पापुद्र्या सुटतात आणि खराट्याने त्या निघून येतात. त्यांना पावडर लागत नाही. पण दिवाळी पंधरा दिवस थांबत नाही, आणि आपण तर दोन दिवसही थांबत नाही.

माझ्या लहानपणी छताशी आमचे नाते निराळे होते. मराठवाड्यातली जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया, आणि तुळयांवर हात-दीड हात मातीचा थर. पावसाळ्यात ह्या मातीवर गवत उगवे. घराच्या डोक्यावर कुरण! मृगाच्या आधी आणि पावसाळा सरल्यावर आजोबा मला वर घेऊन जात आणि आम्ही ते गवत उपटीत असू, कारण मुळे खोल गेली की त्या वाटेने पाणी घरात उतरते. उपटलेले गवत शेळीपुढे पडे. मग पांढरीची माती पसरून, चोपून पुन्हा माळवद सारखे करीत. खाली जे गळे ती माती, आणि जिथे गळे तीही मातीच. त्या स्वच्छतेत विष नव्हते.

पण ‘जुने ते सोने’ म्हणायला मी धजत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि ह्याच माळवदांखाली, ह्याच दगडमातीच्या भिंतींखाली, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेत गाडली गेली. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच उलटली होती. आमचे गाव किल्लारीपासून लांब. आमच्या भिंतींना चिरा गेल्या, माणसे वाचली. त्यानंतर आईने माळवदाखाली पाठ टेकली नाही. ज्या मातीवर मी शेळीसाठी गवत उपटले होते ती मातीच माणसांच्या छातीवर बसली, हे एकदा पाहिले की भूतकाळाविषयीचे हळवेपण गळून पडते. सिमेंटची गच्ची आम्ही हौसेने नव्हे, भीतीने पत्करली. तिच्यावरच्या शेवाळाला मी नावे ठेवतो तेव्हा हेही मला आठवावे लागते.

आणि २०१६ चा उन्हाळा. मांजरा धरण कोरडे पडले होते. एप्रिलमध्ये सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरच्या मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीचे दहा डबे आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. त्या महिन्यांत आमच्या घरात एक घागर पाणी चार वेळा जगत असे. तांदूळ धुतलेले पाणी भांड्यांना, भाजी धुतलेले पाणी हातपायांना, आणि ज्याला साबण लागला नाही ते सगळे पारिजातकाला. आमच्या हिने मोजून दोन तांबे ठेवलेले असत. एका संध्याकाळी पाहुणे आले आणि ते दोन तांबे त्यांच्या पायांवर गेले. रात्री ही उठून स्वतःच्या उशाचे पाणी पारिजातकाला घालून आली. मी जागा होतो, पण काही बोललो नाही. तो पारिजातक त्या उन्हाळ्यातून जगला. दुष्काळात जगविलेले झाड सुकाळाच्या साफसफाईत मेले असे होऊ नये, म्हणून मी पुढे त्याच्याबाबतीत फार जागरूक झालो. वर सांगितलेली पोती आणि लुगडी ही त्याच जागरूकतेची फळे.

आता मुख्य गोष्ट सांगतो. इतका वेळ ती मी टाळीत होतो.

परवाच्या दिवाळीआधी गच्ची धुवायला एक गडी आला. दरवर्षी येणारा नव्हे, नाक्यावरून आणलेला. मी पहाटेपासून खाली बागेत होतो. झाडांना पाणी पाजले, पोती भिजविली, पारिजातकाला नखशिखान्त झाकले, पन्हाळीला नळी जोडली. एखाद्या सेनापतीप्रमाणे मी माझी संरक्षणाची फळी उभी केली होती. वर काय चालले आहे हे पाहायला मी गेलो नाही. त्याने आधी शेवाळावर ब्लीचिंग पावडर पसरली होती, आणि ती धुऊन जाण्याआधीच सिमेंटचे डाग दिसले म्हणून त्यावर अ‍ॅसिड ओतले. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. १९१५ च्या एप्रिलात बेल्जममध्ये ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी जो सोडला तोच. विज्ञानाचा शिक्षक म्हणून तीस वर्षे मी हे मुलांना शिकविले. पाणी पाजलेली झाडे विष कमी पितात हे मला ठाऊक होते. वरच्या माणसाच्या हातात दोन बाटल्या आहेत हे मी पाहिले नव्हते.

तो जिन्यावरून खाली आला तेव्हा खोकत होता. डोळे लाल झाले होते, आणि उजव्या हाताची बोटे त्याने धोतराच्या सोग्यात गुंडाळली होती. मी त्याला अंगणात मोकळ्या हवेत बसविले. मग नळाखाली त्याचे डोळे आणि हात बराच वेळ धुतले. तो म्हणाला, “काही नाही गुरुजी, जरा घसा धरलाय. हे नेहमीचंच हाय.” नेहमीचेच! ही बाहेर आली. तिने आधी त्याच्याकडे पाहिले, मग ओळीने झाकलेल्या झाडांकडे, आणि म्हणाली, “झाडांना ओली फडकी बांधलीत. ह्यांच्या तोंडाला काय बांधलं होतंत?”

मी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे नेले. दोन दिवसांत त्याचा खोकला थांबला, बोटांची साल निघाली आणि नवी आली. मजुरी मी जास्त दिली, आणि देताना मला बरे वाटले नाही. माझे एकही पान करपले नव्हते.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत. सूना म्हणजे वधस्थान, कत्तलखाना. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा अशी ती पाच वधस्थाने. प्रत्येक घरात रोज ह्या पाच ठिकाणी जीव मरतात, आणि त्या पापाच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने पाच महायज्ञ करावे असे तिथे म्हटले आहे. त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांना अन्नाचा वाटा देणे. केरसुणीला वधस्थान म्हणणाऱ्याची नजर सूक्ष्म होती हे मला मान्य करावेच लागते. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी आणतो, तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो. आणि तीच ह्या यादीत चुलीच्या पंगतीला वधस्थान म्हणून बसलेली आहे. एकाच वस्तूकडे ह्या दोन्ही नजरांनी पाहणे मला खरे वाटते. स्वच्छ करणे म्हणजे काहीतरी मारणे. शेवाळसुद्धा जिवंतच असते. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला समजावून सांगतो की झाडांना पाहता येते, ऐकता येते, सुखदुःख कळते. आपल्या काळात जगदीशचंद्र बसूंनी क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र रचून झाडांची सूक्ष्म वाढ आणि तिच्यावरचा विषांचा परिणाम हजारो पटींनी मोठा करून दाखविला. झाडाला आपल्यासारखे दुःख होते की नाही ह्या वादात मी शिरत नाही. ते मरते, एवढे तुळशीने मला शिकविले आहे.

पण ह्याच ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, आणि का झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या यादीकडे मी त्या गड्याच्या बोटांवरून पाहू लागलो तेव्हा तिच्यातली पोकळी मला दिसली. पाप गृहस्थाचे, यज्ञ गृहस्थाचा, पुण्यही गृहस्थाचे. केरसुणी हाती धरणारे माणूस कोण, त्याला काय लागले, ह्याचा हिशेब त्या पाचांत कोठेच नाही. घरातली केरसुणी बाईच्या हाती गेली आणि गावातली ज्यांच्या हाती गेली त्यांना गावाबाहेर ठेवले. घाणीची जागा बदलते असे मी वर लिहिले, ते अपुरे होते. आपण ती कोणाकडून तरी बदलवून घेतो. आणि स्वतःकडे एक नाजूक, निर्मळ काळजी राखून ठेवतो. कोणी झाडांची ठेवतो, कोणी मुंग्यांची. ती काळजी खोटी असते असे मी म्हणणार नाही. पारिजातकावरचे माझे प्रेम खोटे नव्हते. पण ज्या प्रेमाला कधी प्रत्युत्तर मिळत नाही, जे झाड कधी मजुरी वाढवून मागत नाही, त्याच्यावर प्रेम करणे मला सोपे गेले, एवढे खरे. माझ्या एका स्नेह्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, जो झाडाला जपतो तो उद्या माणसालाही जपेल. करुणा लहान जिवापासूनच सुरू होते. होत असेलही. माझ्या बाबतीत ती पन्हाळीपाशी सुरू झाली आणि जिना चढून वर गेली नाही.

त्याच दिवाळीत मी नांदेडला बहिणीकडे गेलो. तिथे दिवाळीच्या सुमारास तख्त सचखंड हुजूरसाहिबला तख्तस्नान होते. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये जिथे देह ठेवला तिथे महाराजा रणजितसिंगांनी १८३० नंतरच्या दशकात उभारविलेली ही वास्तू. गोदावरीचे पाणी घागरींनी भरून आणतात आणि तख्त धुतात. शस्त्रे बाहेर काढून साफ करतात. पाणी वाहणारे लोक भाविकच असतात. आपल्या घरी ज्यांच्याकडे भांडी घासायला बाई असेल असेही त्यांत पुष्कळ असतात. मी कडेला उभा राहून पाहिले. वाहून जाणाऱ्या पाण्यात नदीच्या पाण्याखेरीज काही नव्हते. त्यामागच्या श्रद्धेविषयी मी बोलायचा अधिकारी नाही. पण ज्याला धुवायचे आहे त्याने स्वतः घागर उचलायची, ही व्यवस्था मला माझ्या गच्चीपेक्षा बरी वाटली.

बहिणीच्या घरी निराळाच पेच होता. गच्चीच्या कठड्यातल्या फटीत एक पिंपळ उगवला होता, वीतभर. पाखरे फळे खातात, बी तिथे पडते, आणि पिंपळाला माती लागत नाही. चिरेत शिरलेले मूळ मात्र पुढे भिंत दुभंगून टाकते. तो काढायला हवा होता. पण पिंपळ उपटायला घरातले कोणी हात लावीना. मुंजा राहतो, दोष लागतो. “गवंड्याला सांगितलंय,” बहीण म्हणाली, “तो येऊन काढून टाकील. आपल्या हातानं नको.” आपल्या हाताने नको! नागरी भागातल्या झाडांच्या जतनासाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे, पण कठड्यातल्या वीतभर रोपाचा निवाडा त्यात कोण शोधणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वर गेलो. छिन्नीने फटीतले सिमेंट सैल केले आणि दोन तास खपून मूळ निघेल तेवढे काढले. शेवटची चार बोटे आत तुटली. ती मरतील किंवा पुन्हा फुटतील. रोप तेलाच्या रिकाम्या डब्यात मातीत लावले. दुपारी पाने मलूल झाली, तिसऱ्या दिवशी एक लाल कोंब आला. प्रश्न पुढचा आहे. पिंपळाला जागा लागते, आणि बहिणीच्या अंगणात ती नाही. माझ्या अंगणात तर नाहीच. तिच्या धाकट्याने महानगरपालिकेच्या उद्यानात विचारले, शाळेत विचारले. जो तो म्हणतो, पिंपळ नको, कडुनिंब असेल तर द्या. बहिणीचा परवा फोन आला होता. डबा एका बाजूने गंजला आहे आणि त्या भोकातून मूळ बाहेर येऊन फरशीवरून पन्हाळीच्या दिशेने निघाले आहे.